मात्येय व्होंद्राचं मत

आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव भर दुकानात कुणीतरी खणखणीत आवाजात पुकारलं, तेव्हा रोझालिया व्होंद्रानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे डोक्यावरचा रुमाल पुढं ओढून नीट केला. हात आपणहून वर गेला होता. इतकी वर्षं संध्याकाळी जिन्यावर बुटांचा आवाज आला की तो हात असाच वर जायचा. गेल्या वसंतापासून त्याला ते काम उरलं नव्हतं. आणि आज, "मात्येय व्होंद्रा, अठरा अल्डर गल्ली, मागचं घर, वरचा मजला!" एवढं कानावर पडलं मात्र, हात मालकिणीची वाट न पाहता कामाला लागला. मग तिचं तिलाच कळलं की आपण काय केलं, आणि ती हात रुमालावर तसाच ठेवून उभी राहिली. दुकानात कुणी चमकलं नव्हतं. कारकून पुढचा कागद सारखा करत होता. तिच्या मागं रांगेत उभी असलेली शेजारीण बोझेना तेवढी तिच्या कानाशी येऊन पुटपुटली, "अगं बाई! रोझी, हा कोण गं?"

दुकान न्हाव्याचं होतं. पोर्ट हॅडली शहरात निवडणुकीच्या दिवशी मतदान असंच कुठंही चालायचं; कुठं तबेल्यात, कुठं लाकडांच्या वखारीत, आणि अल्डर गल्लीच्या लोकांसाठी पिढीजात हे झाल्टरचं दुकान. पुरुषांना त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, ते दर शनिवारी तिथंच बसायचे. पण यंदा राज्यानं बायकांना मत दिलं होतं. पुरतं नव्हे, महापौरापुरतं. राज्यपाल कोण असावा हे त्यांना अजून कळत नाही असं वरच्यांचं म्हणणं होतं. तेव्हा एप्रिलमधल्या त्या मंगळवारी सकाळी अल्डर गल्लीच्या बायका जन्मात पहिल्यांदा न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढल्या होत्या आणि देवळात आल्यासारख्या हळू बोलत होत्या. चामड्याच्या खुर्च्या भिंतीकडे सरकवून त्यांच्यावर चादरी टाकल्या होत्या. आरसे मात्र जिथल्या तिथं होते, त्यामुळं प्रत्येक माणूस दोनदोनदा दिसत होता. आत आल्याबरोबर रोझालियाच्या नाकात तो वास शिरला होता, लवंगी तेलाचा आणि साबणाचा. शनिवारी रात्री उशीवर येणारा वास. इतकी वर्षं तिला वाटायचं की तो मात्येयचा वास आहे. तो तर या जागेचा होता. इथं आजही होता, मात्येय नसताना. मग तिनं भिंतीवरची फळी पाहिली होती. दाढीचा फेस करायचे गिऱ्हाइकांचे चिनी मातीचे मग त्या फळीवर ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत नाव आणि नावाखाली त्याच्या धंद्याचं चित्र. खाटकाच्या मगावर बैल, शिंप्याच्या मगावर कात्री. आणि वरच्या ओळीत, खिडकीच्या बाजूला, बिअरची पिंपं भरलेली गाडी आणि तिला जुंपलेले दोन घोडे. झाल्टरनं मात्येयचा मग काढला नव्हता. "घोडे पांढरे काढलेत गाढवानं," मात्येय घरी येऊन सांगायचा, "माझे तर तांबडे! पण पिंपं झकास, मोजून घे." ती म्हणायची, मला कशाला सांगता, मी थोडीच बघायला जाणार आहे! आणि आता ती बघत होती. घोडे खरंच पांढरे होते. त्या एवढ्याशा गोष्टीनं तिचा ऊर भरून आला. किती खरं बोलायचा माणूस!

त्याच भरल्या उरानं ती उभी असताना ते नाव पुकारलं गेलं. रीतच होती तशी. मत द्यायला आलेल्यानं टेबलापाशी नाव-पत्ता सांगायचा आणि कारकुनानं तो पुन्हा मोठ्यानं पुकारायचा, म्हणजे कुणाची हरकत असली तर त्यानं तिथल्या तिथं तोंड उघडावं. तिनं मान वाकडी करून पाहिलं. टेबलापाशी एक माणूस उभा होता. मात्येयपेक्षा बोटभर बुटका, खांदे पडलेले, केस पाण्यानं चापून बसवलेले, हनुवटीवर ताजी कापल्याची खूण. अंगातला कोट बरा होता, पण त्याचा नव्हता. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. तिला आधी राग आला नाही. आधी आलं ते नवल, आणि ते कुठून येतंय हे कळेना. अठरा अल्डर गल्ली, मागचं घर, वरचा मजला. त्या मजल्यावरची खिडकी, खिडकीतलं कांद्याच्या पातीचं डबडं, भिंतीतला खिळा ज्यावर अजून मात्येयची टोपी होती, हे सगळं त्या माणसानं एका दमात आपल्या तोंडात घेतलं होतं. आणि नाव! टेबलावरचा कारकून आयरिश, दर वर्षी तो "मॅथ्यू वांडर" असं काहीतरी ओरडायचा, आणि मात्येय घरी येऊन त्याची नक्कल करून तिला हसवायचा. आज मात्र नाव नीट पुकारलं होतं. त्या माणसाकडून कुणीतरी ते चांगलं घोकवून घेतलं असावं, आणि कारकुनानं ऐकलं तसं म्हटलं. मात्येय जिवंत असेपर्यंत त्याचं नाव या खोलीत एकदाही नीट घेतलं गेलं नव्हतं.

तिच्या गावाकडे, समुद्रापलीकडे, मेलेल्यांची नावं नोव्हेंबरात घेत. स्मशानात कबरीकबरींवर मेणबत्त्या लागत, पाद्री नावं वाचत जाई, आणि नाव आलं की त्या घरच्या बाया मान खाली घालत. नाव ऐकू आलं म्हणजे माणूस नाही हे पक्कं झालं, असा तो मामला होता. इथं उलटं होतं. इथं नाव पुकारलं म्हणजे माणूस आहे, आला आहे, कागद द्या त्याच्या हातात. नावाच्या मागून माणूस उभा राहतो हे तिनं आजवर असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या अंगावर काटा आला. समोरच्या आरशात ती दिसत होती, आणि रांग वळलेली असल्यामुळं तिच्या अगदी शेजारी तो माणूस. लग्नानंतर फोटोवाल्याकडे उभे राहिले होते तसे दोघे; ती रुमालावर हात ठेवून, तो दुसऱ्याच्या कोटात. मात्येयचाही त्या फोटोतला कोट उसना होता.

"हे कुणाचं काम ते मला ठाऊक आहे," बोझेना मागून कुजबुजली. "कप्तानाचं! दुसरं कोण? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात मेले!"

"गप बस," रोझालिया म्हणाली.

कप्तान म्हणजे टिम गिल्हूली. तो फौजेत कधीच नव्हता. आजूबाजूच्या चार गल्ल्यांची मतं पक्षाला गोळा करून द्यायची हे त्याचं काम, आणि ते करणाऱ्याला शहरात कप्तान म्हणत. आत्ता तो दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सिगार वाटत होता, पोट पुढं, टोपी मागं. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची चूल थंड आहे, कुणाचा पोरगा पोलीस ठाण्यात बसलाय, हे घरच्यांच्या आधी त्याला कळायचं. मात्येय फुप्फुसाच्या तापानं गेला त्या सकाळी डॉक्टर पोचायच्या आत गिल्हूली पोचला होता. अख्खं डुकराचं तंगडं घेऊन आला, शवपेटीला खांदा दिला, कबरीशी टोपी काढून रडलाही, आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्याला रडू सहज यायचं. पुढं हिवाळाभर तिच्या दाराशी कोळसा पडत गेला. सिटी हॉलमध्ये फरशा पुसायचं काम त्यानंच लावून दिलं. सकाळी उजाडता उजाडता ती बादली आणि ब्रश घेऊन संगमरवरी जिन्यावर गुडघे टेकायची. महापौराचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचे बूट तिला ओळखू यायचे. टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या, चाल भारी, ओल्या पायरीवर जरा थबकणारी. ते बूट कुणाचे असावेत हे आज तिला विचारलं जाणार होतं! गेले आठ दिवस या गोष्टीचा विचार मनात आला की तिला ब्रश खाली ठेवून थोडं बसावं लागायचं. गिल्हूली घरी आला होता, यादीत नाव घालायला स्वतः घेऊन गेला होता, आणि म्हणाला होता, "रोझीबाई, यंदा महापौर म्हणून आमच्या क्वेलला तेवढं लक्षात ठेवा." तिनं म्हटलं होतं, "दिला शब्द, कप्तान." ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. आणि दुसरा तो व्हीलॉक, त्याची माणसं अल्डर गल्लीत यायची ती दारू किती वाईट हे सांगणारे कागद वाटायला. जन्मभर बिअरची गाडी हाकलेल्या माणसाच्या बायकोला!

"तुम्ही मात्येय व्होंद्रा?" टेबलावरून ऑल्डरिजनं विचारलं. टेबलावर दोन्ही पक्षांचे पंच बसत. हा व्हीलॉकच्या बाजूचा, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. चष्मा कपाळावर चढवून तो त्या माणसाकडे बघत होता. "धंदा काय?"

"बिअरची गाडी हाकतो, साहेब."

"हात दाखवा."

त्या माणसानं हात पुढं केले. लांबूनही दिसत होतं, लगाम धरणारे हात नव्हते ते. मात्येयच्या तळव्याला दोन आडवे घट्टे होते. रात्री तो हात गालावर ठेवायचा तेव्हा ते आधी लागायचे. ऑल्डरिजनं ओठ मुडपले. "या माणसाला ओळखणारं कुणी आहे का इथं?"

"मी आहे की!" गिल्हूली दारातूनच, मान न वळवता, काडी पेटवता पेटवता ओरडला. "मॅट व्होंद्राला कोण ओळखत नाही? वीस वर्षं ओळखतो मी त्याला. द्या हो त्याला कागद, मागं लोक खोळंबलेत!"

आणि इथंच गिल्हूलीचं गणित फसलं. त्याच्यासारख्या मुरलेल्या माणसाकडून व्हावी अशी ती चूक नव्हती, किंवा त्याच्यासारख्याच माणसाकडून व्हावी अशी होती. पुरुषांची यादी वेगळी होती आणि बायकांची वेगळी; पेट्यासुद्धा वेगळ्या. पुरुषांच्या यादीत मेलेली माणसं वर्षानुवर्षं सुखानं नांदत होती, तिकडं तो हात लावत नसे. बायकांची यादी नवी होती, ती त्यानं हौसेनं भरली होती, आणि विधवांवर त्याचा विशेष भर, कारण विधवा उपकार विसरत नाहीत. पण दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून बघाव्यात हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. बायको ही गोष्ट मतदानाच्या खोलीत असू शकते याची त्याच्या हाडांना सवयच नव्हती. टेबलाच्या टोकाला बायकांची यादी घेऊन बसलेली शाळेतली मास्तरीण, मिस पर्किन्स, नव्या कामाच्या उत्साहात होती. तिनं बोट ओळीवर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "अठरा अल्डर गल्ली, मागचं घर, वरचा मजला. माझ्याकडेही तिथलंच एक नाव आहे. रोझालिया व्होंद्रा. या बाई आल्यात का?"

दारातली काडी गिल्हूलीच्या बोटाला चटका देऊन विझली. त्यानं आता मान वळवली होती.

"आल्यात की," बोझेना म्हणाली, आणि रोझालियाच्या पाठीला तिनं हलकेच ढोसलं. रोझालिया रांगेतून बाहेर आली. बाहेर आली म्हणजे दोनच पावलं, पण त्या दोन पावलांत दुकान फार मोठं झालं. ऑल्डरिजनं चष्मा डोळ्यांवर घेतला. तो खूश झाल्याचं त्याच्या कानांवरून दिसत होतं. "बाई," तो म्हणाला, "घाबरू नका. एवढंच सांगा. हा तुमचा नवरा आहे का?"

असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. लग्नातसुद्धा पाद्र्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर आधी ठरलेलं होतं आणि पाठीमागं आई उभी होती. इथं मागं कुणी नव्हतं. कारकुनाची लेखणी थांबली होती, पेटीपाशी कागद टाकायला निघालेला लोहार हात वर तसाच धरून उभा होता. दुकानातली सगळी माणसं, खरी आणि आरशातली, तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या! सिटी हॉलच्या जिन्यावर जिच्या पाठीला वळसा घालून लोक जायचे त्या बाईच्या. एक शब्द तिच्याकडे होता आणि तो येईपर्यंत शहराचं काम थांबलं होतं. तिला भीती वाटली, पण त्या भीतीच्या पोटात एक विलक्षण मोठेपण होतं. लहानपणी मोठ्या चर्चमध्ये घुमटाखाली उभी राहून वर पाहिलं होतं तेव्हा अशीच भीती वाटली होती आणि तरी तिथून हलू नये असं वाटलं होतं. तिनं गिल्हूलीकडे पाहिलं. तो हसत होता, पण त्याच्या कपाळावर घाम होता. कोळसा, जिना, बादली, सगळं त्या हसण्यात होतं. "हो" म्हटलं की सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. मग तिनं त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या मिशीला मोहरी लागली होती. पक्षाच्या खर्चानं सकाळी खाल्लेल्या पावाची असणार. त्याचे डोळे नुसते विनवत होते. पोलीस पाच पावलांवर उभा होता. आज सकाळपासून हा कितीजण होऊन आला असेल? कुणाकुणाच्या घरांचे पत्ते याच्या तोंडातून गेले असतील?

आणि मग ती गोष्ट तिच्या मनात आली. तिनं "हो" म्हटलं तर मात्येय जिवंत होता. या खोलीपुरता, या सकाळपुरता, त्या मोठ्या वहीपुरता का होईना, पण होता. तो सकाळी उठून दाढी करून आला, त्यानं आपला पत्ता सांगितला, कुणीतरी त्याचं नाव नीट घेतलं, त्यानं मत दिलं. फळीवर त्याचा मग होताच. कुणीही विचारलं असतं तर सरकारी वही सांगणार होती, मात्येय व्होंद्रा हजर. आणि "नाही" म्हटलं तर? तो गेल्यापासून तिनं एकदाही 'मेला' हा शब्द उच्चारला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. डॉक्टरनं उच्चारला होता. पाद्र्यानं लॅटिनमध्ये म्हटला होता. दफनाच्या कचेरीत गिल्हूलीच बोलला होता, ती नुसती बाकावर बसून होती. शेजारणींना ती म्हणायची, "आता ते नाहीत ना," जसं कुणी म्हणावं, आता दुपारी ऊन नाही. टोपी खिळ्यावर होती. इतक्या लोकांनी मिळून मात्येयला पुरलं होतं. तिनं नव्हतं पुरलं. आता तेच काम तिला करायला सांगत होते, आणि ते इथं, त्याच्या शनिवारच्या जागेत, त्याच्या पांढऱ्या घोड्यांसमोर. तिनं त्याला आठवायचा प्रयत्न केला, काय म्हणाला असता? निवडणुकीच्या दिवशी तो लग्नातल्यासारखा नटायचा. "रोझा, माझ्या बापानं जमीनदारासमोर टोपी काढून जन्म काढला," तो आरशात बघत म्हणायचा, "आणि मी टोपी घालून जातो!" अंगणातून जाताना तो टोपीला हात लावून सगळ्यांना दाखवायचा. हा समोरचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, दोन्ही हातांनी चुरगाळत. तिला एकदम त्या टोपीची लाज वाटली, आणि मग ती लाज तशीच रागात गेली. राग त्या माणसाचा नव्हता. मेलेल्या माणसालाही टोपी काढायला लावतात याचा होता.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "हा माझा नवरा नाही. माझा नवरा मेला. मी स्वतः अंघोळ घातलीय त्याला."

लोहारानं वर धरलेला हात खाली घेतला. तिला रडू आलं नाही. आतून कुठंतरी एक फार मोठं दार सावकाश लागल्यासारखं झालं, आणि ते आपल्याच हातानं लागलं हे तिला स्पष्ट कळलं. मात्येय गेला होता. गेल्या वर्षी नव्हे, आत्ता, तिच्या तोंडून गेला. आणि आश्चर्य म्हणजे त्याच क्षणी तो तिला जितका सबंध आठवला तितका वर्षभरात आठवला नव्हता; घट्ट्यांसकट, नकलांसकट, झोपेतल्या खोकल्यासकट.

पुढचं भराभर झालं. पोलीस गिल्हूलीच्या पक्षाचाच, त्यानं आधी मिशी पुसली, मग पट्टा वर ओढला, मग सावकाश निघाला. तेवढ्यात त्या माणसानं मागच्या दाराकडं धाव घेतली. तिच्याजवळून जाताना मात्र तो पळभर थांबला. "माफ करा, बाई," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून घेतलेल्या नावांत हे चांगलं होतं." आणि गेला. मागच्या अंगणात कसलीशी बादली उलटल्याचा आवाज आला.

"शाबास!" ऑल्डरिज उभा राहिला होता. "बाई, या शहराला तुमच्यासारख्या महिला हव्यात. मिसेस वांडर, तुमच्या या मताचं मोल व्हीलॉकसाहेब कधी विसरणार नाहीत." त्यानं तिच्या मतपत्रिकेची घडी उघडून मोठ्या अदबीनं तिच्यापुढं धरली, जणू ते मत त्याच्या गल्ल्यात पडलंच होतं. तिनं कागद घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. मिस पर्किन्सनं तेवढं वय विचारलं, आणि "एकवीसच्या पुढं" एवढ्यावर भागवलं.

मत द्यायची जागा म्हणजे कोपऱ्यात उभं केलेलं फळ्यांचं कपाट होतं, पुढं काळा पडदा. ती आत गेली आणि पडदा मागं पडला. आत एक फळी, फळीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, आणि डोक्यावरून येणारा थोडा उजेड. तिनं कागद फळीवर ठेवला आणि मग काहीच केलं नाही. कुणी येत नव्हतं. बाहेर कारकून पुढचं नाव पुकारत होता, बोझेना कुणाशी तरी हुज्जत घालत होती, पण ते सगळं पडद्यापलीकडे. तिच्या लक्षात आलं की आपण जन्मल्यापासून अशा जागी कधी उभ्या राहिलो नाही. आईच्या घरात सात भावंडं एका पलंगावर. बोटीच्या तळमजल्यावर तीनशे माणसं. मग मात्येय, मग त्याचं आजारपण. तो गेल्यावर खोलीत एकटी राहिली तेही भिंतीपलीकडच्या खोकल्यांत आणि भांडणांत. कबुलीजबाबालासुद्धा जाळीपलीकडं पाद्र्याचा कान असतो. इथं कान नव्हता. पडदा बोटभर जाडीचाही नव्हता, हाताला लागला तर सुती कापड, आणि त्याला शहरातल्या एकाही माणसानं, कप्तानानं, पोलिसानं, महापौरानं हात लावायचा नव्हता. ती आत काय करते हे देव सोडून कुणाला कळणार नव्हतं; आणि देवाला, तिला वाटलं, पोर्ट हॅडलीच्या महापौरात फारसं स्वारस्य नसावं. तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. केवढी ही वस्तू दिली होती लोकांनी तिला, आणि देताना त्यांनाही कळलं नव्हतं की काय देतोय!

पेन्सिल तिनं धरली. क्वेल. व्हीलॉक. नावांपुढं कोरे गोल. तिनं ऑल्डरिजचा खुशीतला चेहरा आठवला, गिल्हूलीचं घामेजलेलं हसू आठवलं. दोघांनाही वाटत होतं की आपल्याला तिचं मत ठाऊक आहे. आई पाव कापण्याआधी सुरीच्या टोकानं त्याच्या पाठीवर फुली काढायची, काही न बोलता, रोज. तशी तिनं काढली, जरा दाबून. क्वेलच्या गोलात. शब्द दिला होता. खोटं बोलणार नाही हे एक, आणि दिला शब्द मोडणार नाही हे दुसरं. पहिल्यामुळं दुसरं थोडंच फिटतं? शिवाय कोळसा खरोखरच ऊबदार होता. फुलीकडे ती पुष्कळ वेळ बघत राहिली. एवढीशी, दोन रेघांची, आणि हिच्यासारख्या पुरेशा जमल्या की जिन्यावरचे बूट बदलत. मग तिनं कागदाची घडी घातली आणि बाहेर येऊन बायकांच्या पेटीत टाकला. पेटी नवी होती, तिला अजून राळेचा वास येत होता.

गिल्हूली बाहेर फुटपाथवर उभा होता. ऊन चांगलं पडलं होतं. त्यानं सिगार पेटवली नव्हती, नुसती दातांत धरली होती.

"रोझीबाई," तो म्हणाला, "तुमच्या दारात कोळसा कुणी टाकला?"

"तुम्ही, कप्तान."

"मॅटच्या पेटीला खांदा कुणी दिला?"

"तुम्ही."

"मग? एवढा एक 'हो' नाही निघाला तोंडातून? त्या बिचाऱ्याला तुरुंगात बसावं लागलं असतं. आणि मला उद्या वर काय उत्तर द्यायचं?" तो रागावला होता, पण त्याहून जास्त दुखावला होता, ते त्याला लपवता येत नव्हतं. "उद्यापासून सिटी हॉलला येऊ नका. माझ्या हातात नाही आता."

"बरं," ती म्हणाली. घरात आठवडाभराचं पीठ होतं.

ती वळली तशी तो दोन पावलं तिच्या मागं आला. आवाज खाली आणला. "हे बघा. मी काही दगड नाही. आत जे झालं ते झालं. पण मत? मत तरी आमच्या क्वेलला दिलंत की नाही? तेवढं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही हे आत्ताच सगळ्या वॉर्डानं पाहिलंय. तुम्ही म्हणा दिलं, की मी वर सांगतो, बाई आपली आहे, आणि उद्या जा तुम्ही कामाला. एक शब्द, रोझीबाई!"

शब्द तिच्या ओठांवर होता, आणि खरा होता. तो उच्चारला की जिना परत, बादली परत, हिवाळ्याचा कोळसा परत. तिनं तोंड उघडलंही. आणि मग तिला तो काळा पडदा आठवला, हाताला लागणारा, सुती. आणि वाटलं की आपण हे सांगितलं तर गिल्हूली त्या पडद्याच्या आत येऊन उभा राहील, पोटासकट, टोपीसकट, आणि मग तिथं पुन्हा कधी जागा होणार नाही.

"कप्तान," ती म्हणाली, "ते माझं मी दिलंय."

"म्हणजे कुणाला?"

तिनं मान हलवली, आणि रुमालाची गाठ घट्ट केली.

गिल्हूली तिच्याकडे बघत राहिला. अल्डर गल्लीतल्या प्रत्येक घरात किती बटाटे आहेत हे त्याला माहीत होतं, कोण कुणाशी बोलत नाही हे माहीत होतं, कोण रात्री रडतं हेही माहीत होतं. दातांतली सिगार त्यानं काढली, नुसती निरखली, आणि परत खिशात ठेवली. "बघा बुवा," तो म्हणाला, पण कुणाला उद्देशून ते त्यालाही कळलं नसावं. रोझालिया तोवर रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. कोपऱ्यावरच्या धोबीखान्यात बायका हव्यात असं कुणीतरी म्हणालं होतं. दुपारच्या आत जाऊन विचारावं, असा विचार करत ती चालत होती.